पठार चोरणारी साळिंदर

एका जंगलात, बाळांनो, एक नदी होती आणि त्या नदीला एक मोठं वळण होतं. सरळ चालणं नदीला जमत नाही. हसू नका, तुम्हालाही जमत नाही.

वळणाच्या बाहेरच्या काठावर पाणी जोरात आपटतं आणि माती कुरतडतं. आतल्या काठाला ते सुस्तावतं आणि आणलेली माती टाकून देतं. हे सगळ्या प्राण्यांना दिसत होतं. पण कुणी बोलत नसे, कारण जमिनीबद्दल बोलायचा अधिकार फक्त भूरूप खात्याला होता.

बाहेरच्या काठावर एका बिळात यमुताई साळिंदर राहायची. तिला तीन पिल्लं होती. त्यांचे काटे अजून मऊ होते आणि एकालाही पोहता येत नव्हतं.

खात्याकडे एक नकाशा होता. वाघोबांच्या आजोबांच्या काळात तो एका हत्तीनं काढला होता. हत्तीला डोंगर, दरी, मैदान आणि पठार एवढीच भूरूपं पाठ होती. यमुताईच्या काठावर तो जेवून बसला, बूड सपाट टेकलं, म्हणून त्यानं तिथे ‘पठार’ असं लिहिलं. तेव्हापासून ते पठार.

यंदा आषाढात नदी बिळाच्या तोंडापासून दहा पावलांवर होती. आठ दिवसांत ती सहा पावलांवर आली. मागे काळ्या कातळाची टेकडी होती, तिथे जागाही होती. पण बीळ बदलायचं तर जुनी जागा धोक्यात असल्याचा खात्याचा दाखला लागे.

ती कचेरीत गेली. बगळेसाहेब एका पायावर उभे होते.

“साहेब, काठ खचतोय. दाखला द्या.”

“तुमचं भूरूप काय आहे, बाई?”

“पठार म्हणतात.”

“मग खचत नाही. पठार खचत नसतं, नियमात आहे.”

“येऊन बघा तरी.”

“बघून काय करू? उद्या सगळेच म्हणतील, बघा.”

यमुताई दारातच काटे फुलवून बसली. साहेबांना जेवायला जाता येईना. तेव्हा नाइलाजानं त्यांनी नदीच्या नावानं नोटीस काढली: ‘आपण काठ खात असल्याची तक्रार आली आहे. सात दिवसांत आपले म्हणणे मांडावे.’ नोटीस काठावरच्या जांभळीला चिकटवली.

नदी आली नाही. म्हणजे आली, पण कचेरीत नाही. मग एकतर्फी निकाल लागला. नदीनं आहे तिथेच थांबावं, असा हुकूम झाला. काठावर तसा फलक ठोकला, त्याला हार घातला, नारळ फोडला. खोबरं माकडांनी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी पाणी बिळापासून दोन पावलांवर होतं.

“साहेब, आता तरी दाखला?”

“आता कशाला? नदीला मनाई झालीय ना.”

यमुताईला रागानं रडू आलं. पण रडून पिल्लं टेकडीवर जात नाहीत. भर दुपारी, सगळं खातं जेवून पेंगत असताना, तिनं एकेक पिल्लू तोंडात धरलं आणि कातळावर नेऊन ठेवलं. विनापरवाना. तिसरं पिल्लू वर पोचलं आणि मागे काठ, जांभूळ, नोटीस, फलक, हार सगळं धबाककन पाण्यात गेलं.

पावसाळा सरल्यावर खात्यानं पाहणी केली. पठार जागेवर नव्हतं. पठार खचत तर नाही, म्हणजे ते कुणीतरी नेलं असणार. आणि तिथे शेवटी कोण राहत होतं? यमुताई.

सुनावणी थोडं पुढे, नदीच्या खालच्या वळणाच्या आतल्या काठावर ठेवली, कारण तिथे छान कोरडी माती होती.

“पठार कुठे लपवलंत?” बगळेसाहेबांनी विचारलं.

यमुताईनं खाली पाहिलं. “तुम्ही उभे आहात तेच, साहेब. नदीनं माझ्या दारातून उचललं आणि इथे आणून टाकलं. माझे झडलेले काटेसुद्धा आहेत बघा त्यात.”

साहेबांनी पायांकडे पाहिलं नाही. त्यांनी नकाशा उघडला.

“इथे नदी आहे,” ते म्हणाले. “मी पाण्यात उभा आहे.”

सगळ्या खात्यानं लगबगीनं धोतरं गुडघ्यापर्यंत वर धरली. एक कारकून तर थंडीनं कुडकुडू लागला.

यमुताईला शिक्षा झाली. रोज टेकडीवरची एक घास माती आणून पठाराच्या जागी टाकायची, पठार पूर्ववत होईपर्यंत. ती रोज टाकते. नदी ती रोज उचलते आणि खालच्या वळणावर साहेबांच्या पायाशी नेऊन ठेवते. पिल्लं कातळावर उन्हात लोळतात. साहेब अजून तिथेच उभे आहेत; ते दरवर्षी बोटभर उंच होतात आणि त्याला बढती समजतात.

तात्पर्य: काठ खचू लागला की जागचं हलू नये. घरासकट वाहून गेलेल्यावर निदान चोरीचा आळ येत नाही.