बापूकाकांचं पथ्य

आमच्या शेजारचे बापूकाका लग्नाच्या पंगतीत बसले की खिशातून टिशू पेपरची घडी काढतात. पानात पुरी पडली की ती कागदात ठेवायची, दोन्ही तळव्यांनी दाबायची आणि तेलाने भिजलेला कागद शेजारच्याला दाखवायचा. हा शेजारचा म्हणजे बहुतेक वेळा मीच. "बघा मास्तर, हे तुमच्या पोटात चाल्लंय." आता तुम्हीच सांगा, तोंडात अर्धी पुरी असलेल्या माणसाने यावर काय बोलावं?

काका मूळचे हसनाबादकडचे. शेती मुलाच्या हवाली केली आणि गोदाकाकूंना घेऊन भोकरदनला आमच्या गल्लीत राहायला आले. माणूस काटक. पण आल्या आल्या त्यांनी गल्लीभर दवंडी पिटली, "मला शुगर हाय. साधी न्हाई, लई खतरनाक." दुसरा एखादा आपल्या बैलजोडीचं कौतुक सांगेल ना, त्या थाटात.

किराणा दुकानात ते कुठलंही पाकीट आधी उलटं करतात. खिशातून भिंग निघतं, मागची बारीक अक्षरं वाचली जातात, आणि रांगेतल्या परक्या बाईलाही प्रश्न जातो, "पाठ वाचली का?" नाचणीच्या बिस्किटात मैदा निघाला तेव्हा त्यांनी दुकानदाराला असं काही झापलं, जणू त्या बिचाऱ्यानेच ती बिस्किटं भाजली होती. आता काका येताना दिसले की दुकानदार मालच आत सरकवतो.

बाजारात नवं काही आलं की ते पहिलं काकांच्या घरी. न्हाव्याच्या दुकानात पाण्याचा फवारा असतो ना, तशी त्यांच्या ओट्यावर तेलाची बाटली आहे. "जिंदगीभर कपाशीवर फवारलं, आता भाजीवर फवारून राह्यलो," असं म्हणून ते वांग्यावर फुस्स करतात. मग एअर फ्रायर आला. त्यातली भजी मला प्रेमाने बोलावून खाऊ घातली. बिनतेलाचं भजं म्हणजे नवरदेवाविना वरात! मी घरी येऊन गुपचूप फरसाण खाल्लं.

साखर मोजायचं मशीन आलं, तर सुई पहिल्यांदा काकूंच्या बोटाला. "मशीन बराबर हाय का, ते आधी तुझ्यावर पाहू." काकू चिडायच्या. "माझं बोट म्हंजे काय तुमची कसोटी हाय का?" काकूंनाही शुगर होती म्हणे, पण त्या हसण्यावारी न्यायच्या. "घरात एक पेशंट बास हाय," म्हणायच्या.

सगळ्यात कहर म्हणजे काकांच्या गळ्यातलं बटण. जिवाला काही झालं की दाबायचं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोन वाजायचे. माझाही नंबर त्यात. एकदा अर्ध्या गालाला साबण लावलेला मी उघडाच धावत गेलो, तर काका खुर्चीत निवांत. "काही न्हाई, तपासून पाह्यलं. तुम्ही जल्दी आले, शाबास." मी तोंडावर हसलो आणि मनात चार शिव्या हासडल्या. या माणसाला मरणाची एवढी भीती का, हे मला कळत नव्हतं. खरं सांगायचं तर थोडा रागच होता.

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत तपासणी शिबिर झालं. पुरुष एका वर्गात, बायका दुसऱ्या. काकांना मीच घेऊन गेलो. तरुण डॉक्टरने कागद पाहिला आणि विचारलं, "आजोबा, शुगर एकदम नॉर्मल. गोळी कोणती चालू आहे?"

"शुगरची न्हाई. ताकदीची."

"मग तुम्हाला शुगर नाहीच!"

कुणालाही पेढे वाटावेसे वाटतील अशी बातमी. काकांचा चेहरा मात्र चोरी पकडल्यासारखा. "आस्ते बोला डाक्टर, आस्ते!" म्हणत त्यांनी माझा हात धरला आणि मला ओढत बाहेर कडुनिंबाखाली आणलं.

"मास्तर, कोणाजवळ बोलू नका. बिमारी तिची हाय. हसनाबादला होतो तव्हा चुलीपुढंच चक्कर यिऊन पडल्ती. डाक्टरनं पथ्य सांगितलं. ही म्हणली, माझ्या एकटीसाठी वेगळा स्वैपाक? लोक हसतील. मला शिरा करायची, अन् माझं झाल्यावर पातेल्यात उरलेलं आपण खायची. समजावलं, भांडलो, बिलकुल ऐकलं न्हाई. मंग एक दिवस सांगितलं, मलाच शुगर निघाली, तुझ्याहून जास्त. त्या दिवसापासून घरात साखर आली न्हाई बघा."

"आणि ते बटण?"

"तिच्याच गळ्यासाठी आणलं. म्हणलं जोडीचं हाय, तुझ्या गळ्यात असल्याशिवाय माझं चालत न्हाई."

मी म्हणालो, "अहो, पण पंगतीत तरी खा ना चार घास! तिथं काकू कुठं बघतात?"

"जालन्याला गेल्तो तव्हा खाल्ली एक जिलबी. घशाखाली उतरंना. ती माझ्यापायी घरी फिक्का चहा पिऊन राह्यली, अन् मी तिथं जिलबी खाऊ?"

तेवढ्यात बायकांच्या वर्गातून काकू आल्याच. सरळ माझ्यापुढे. "मास्तर, तुम्ही खरं सांगा. हे लपवतात. काय म्हणला डाक्टर?"

निकालाच्या दिवशी पोरं बघतात तसे काका माझ्याकडे बघत होते. खोटं बोलणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करतो. पण म्हणालो, "काकू, अजून जपायला सांगितलंय. पथ्य मोडू देऊ नका."

"तरी मी म्हणते!" काकूंनी कपाळावर हात मारला. "ह्यांना काही झालं तर मी कोणाकडं बघायचं?"

"तुझं काय निघालं?" काकांनी हळूच विचारलं.

"माझं मेलीचं काय! लई कमी झाली म्हणली ती डाक्टरबाई. असंच चालू ठेवा म्हणली."

काकांनी झटकन तोंड फिरवलं. खांदे हलत होते. माणूस रडत होता. काकू घाबरल्या. "अगं बाई! आता काय झालं तुम्हाला?"

"काही न्हाई," काका म्हणाले. "शुगर वाढली असंल."

काकूंनी त्यांचा दंड घट्ट धरला आणि त्यांना सांभाळून घरी घेऊन गेल्या.