अनुक्रमांक सत्तेचाळीस: उपयोग नाही

वस्तू एकच असेल तर माणूस ती वस्तू जपतो. तिच्या तीन प्रती असतील तर तो प्रतींची यादी जपतो. आणि यादीच्याही तीन प्रती झाल्या की त्याला व्यवस्था म्हणतात. जगातली सगळी मोठी कार्यालयं याच पायावर उभी आहेत. अशाच एका कार्यालयात तेहतीस वर्षं अभिलेखपाल म्हणून काढलेले एक गृहस्थ सेवानिवृत्त होऊन पूर्णवेळ घरी राहायला आले, तेव्हा आपलं घर किती मागासलेलं आहे हे पहिल्यांदा उजेडात आलं.

तोवर त्यांच्या बायकोला तसं वाटत नव्हतं. ती पुढच्या खोलीत शिवणाचे वर्ग घेई, म्हणून गल्लीत सगळे तिला शिवणबाई म्हणत. तिच्या मते घर बरं चाललं होतं. हवी ती वस्तू सापडत होती, आणि सापडत नसलेली वस्तू तिला विचारली की सापडत होती. (ही पद्धत अशास्त्रीय आहे. शिवणबाई चार दिवस तापाने पडली की संपूर्ण यंत्रणा बंद पडे आणि माणसं ओल्या अंगाने टॉवेल शोधत फिरत.)

अभिलेखपालांना खरा धक्का बसला तो घरातला कम्प्युटर उघडल्यावर. कागदाला भोक, भोकात नाडा आणि नाड्याला गाठ, एवढ्यावर ज्यांची श्रद्धा, त्यांच्यासमोर एकतीस हजार चारशे आठ फायली मोकाट हिंडत होत्या. 'नवीन फोल्डर' होता. 'नवीन फोल्डर २' होता. 'नवीन फोल्डर २ खरा' होता. 'हेच' होता, 'हे नको' होता, आणि 'हे नको'मध्ये 'हेच'ची आणखी एक प्रत होती. 'फायनल' नावाच्या नऊ फायली होत्या, त्यांतली सगळ्यात जुनी तीच खरी फायनल होती. अभिलेखपाल दोन पेले पाणी प्यायले, खुर्ची पुढे ओढली आणि निवृत्तीनंतर प्रथमच हसले.

दुसऱ्या दिवशी फ्रिजच्या दारावर परिपत्रक क्रमांक एक लागलं. त्याचा सारांश असा, की यापुढे घरातली प्रत्येक फाइल तीन जागी राहील. एक प्रत कम्प्युटरमध्ये. दुसरी, डब्यात घालून कपाटात ठेवलेल्या हार्ड डिस्कवर. आणि तिसरी घराबाहेर, अभिलेखपालांच्या बहिणीकडे. कारण आग, पूर, भूकंप आणि नातेवाईक या चार संकटांत घरातल्या दोन्ही प्रती एकदम जाऊ शकतात. (चौथ्या संकटापासून बचाव म्हणून डिस्क वन्संच्याच घरी ठेवली, यावर शिवणबाईने एकदा भुवई उचलली. भुवईची नोंद घेण्यात आली नाही.)

पण नुसत्या प्रती काढणं म्हणजे व्यवस्था नव्हे. पसाऱ्याच्या तीन प्रती काढल्या तर तीन पसारे होतात. तेव्हा वर्गवारी आली. वर्ग अ, कायम जतन. वर्ग ब, तीस वर्षं. वर्ग क, दहा वर्षं. वर्ग ड, एक वर्ष आणि मग नाश. अभिलेखपालांच्या कार्यालयात हीच पद्धत होती, आणि तिच्या जोरावर त्या कार्यालयाने कित्येक इमारतींचे नकाशे इमारती पडल्यानंतरही सुस्थितीत ठेवले होते.

आता वर्ग ठरवायचा तर फाइलचा उपयोग ठाऊक हवा, आणि उपयोग मालकाशिवाय कोण सांगणार? म्हणून मालकांचे जबाब घेण्यात आले. लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती, तिचा जबाब फोनवर झाला. "बाबा, माझ्या कशालाही हात लावलात ना, तर बघा," एवढंच ती म्हणाली. त्याची नोंद 'मालकाच्या मते अत्यावश्यक' अशी होऊन तिच्या चार हजार फायली (पैकी साडेतीन हजार एकाच सहलीच्या, पैकी तीन हजार वाटेत भेटलेल्या एका मांजराच्या) वर्ग अ मध्ये गेल्या. अभिलेखपालांनी स्वतःचा जबाब स्वतःच घेतला. तो तीन दिवस चालला. त्यात विजेची दोनशे बारा बिलं आणि चाळीस हमीपत्रं कायम जतन करण्याचं ठरलं. (हमीपत्रांतल्या एकतीस वस्तू आता घरात नाहीत आणि चार तर बनवणाऱ्या कंपन्यांसकट गेल्या, पण हमी शाबूत आहे.)

शिवणबाईचा जबाब एका दुपारी फ्रॉकला बटणं लावता लावता झाला.

"ही कशाची फाइल?"

"कुठली? ती होय. काही नाही हो, असंच."

"उपयोग?"

"उपयोग कसला त्याचा! असंच आपलं."

"आणि ही?"

"तीही तसलीच. जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

अभिलेखपाल जबाबात स्वतःच्या पदरचा स्वल्पविरामही न घालणारे. त्यांनी शब्दाला शब्द लिहून घेतला. एकसष्ट फायली, एकसष्ट वेळा 'काही नाही, असंच.'

इथे न्याय म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. शिवणबाईचं हे उत्तर मुळात उत्तर नव्हतंच. अंगात ताप असला आणि काय होतंय विचारलं, तरी ती हेच म्हणे. पायात सुई गेली तरी हेच. कांदा चिरत नसताना डोळ्यांत पाणी दिसलं, तरी हेच. चौतीस वर्षं घरातल्या सगळ्यांनी हे उत्तर समाधानकारक मानून घेतलं होतं, आणि प्रश्न तिथल्या तिथे निकाली निघत होते. पण जबाबाच्या नमुन्यात 'सवय' असा रकाना नव्हता. 'उपयोग' असा होता. त्यात अभिलेखपालांनी लिहिलं: नाही. (मालकाचं स्वतःचं निवेदन.)

एकसष्टच्या एकसष्ट फायली वर्ग ड मध्ये गेल्या. त्या सगळ्याच वर्षाहून जुन्या असल्यामुळे त्यांची मुदत जन्मतःच संपलेली निघाली. नाशाची तारीख ठरली: येता रविवार, सकाळी अकरा.

या पद्धतीचं खरं सौंदर्य इथेच आहे, आणि प्रती काढून ठेवणाऱ्या लोकांच्या ते सहसा लक्षात येत नाही. जे ठेवायचं ते तीन जागी ठेवलं जातं, तसंच जे घालवायचं ते तीनही जागांहून तितक्याच काळजीने घालवलं जातं. एकच प्रत असलेल्या अडाणी घरात वस्तू हरवते, आणि हरवलेली वस्तू कधीतरी सापडते. नीट जतन केलेल्या घरात ती जाते. अभिलेखपाल शनिवारीच बसने जाऊन वन्संकडची डिस्क घेऊन आले. रविवारी टेबलावर कम्प्युटर आणि शेजारी दोन डिस्क अशा मांडल्या गेल्या, आणि नाशाच्या यादीच्या तीन प्रती सहीसाठी शिवणबाईपुढे आल्या.

नवऱ्याने पुढे केलेला कागद शिवणबाईने वाचून मग सही केली, असं एकही उदाहरण उपलब्ध नाही. बँक असो, विमा असो, घराचं खत असो, बोट टेकवलं तिथे ती सही करी. पण त्या दिवशी ती नुकतीच सुईत दोरा ओवून उठली होती आणि चष्मा नाकावरच राहिला होता. (चष्म्याने संसारांचं जे नुकसान केलं आहे, त्याची आकडेवारी अजून कुणी गोळा केलेली नाही.)

अनुक्रमांक सत्तेचाळीस. नाव: आई मशिन. प्रकार: व्हिडिओ. लांबी: अकरा मिनिटं. उपयोग: नाही.

आई म्हणजे शिवणबाईची आई. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात तिचे शंभरेक फोटो होते आणि प्रत्येकात ती तोंड मिटून ताठ उभी होती, कारण दर वेळी कुणीतरी तिला 'हलू नकोस' म्हणून सांगितलं होतं. बोलणारी आई या एकाच फाइलमध्ये होती. पायमशिनीत दोरा कसा ओवायचा, ते लेकीला दाखवत होती. लेकीला ते चाळीस वर्षं येत होतं. पण आईला एका जागी बसवून बोलतं करायला दुसरं निमित्त सापडलं नव्हतं.

"अहो," शिवणबाई म्हणाली, "हे सत्तेचाळीस नंबरचं तेवढं राहू दे."

"कारण?"

"काही ना—" ती म्हणाली आणि जीभ चावून थांबली. "उपयोग आहे त्याचा."

"कोणता?"

"शिवणाच्या मुलींना दाखवीन."

"तुझ्या वर्गात सगळ्या मशिनी विजेच्या आहेत. पायमशिन आपण सहा वर्षांपूर्वी मोडीत दिली. तिचं हमीपत्र आहे माझ्याकडे."

त्यांचं बरोबर होतं. त्यांचं नेहमीच बरोबर असे, त्यामुळेच त्यांच्याशी बोलणं अवघड जाई.

तेवढ्यात लेकीचा रविवारचा फोन आला. तिने स्पीकरवरून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तू सरळ सांग ना, हवंय म्हणून!"

"अगं, कारण द्यावं लागतं."

"बाबांच्या बिलांना काय कारण होतं?"

"मालकाने तसा जबाब दिला होता," अभिलेखपाल म्हणाले.

"मालक कोण?"

"मी."

"धन्य आहे," लेक म्हणाली. "आई, अर्ज कर. यांना कागदाशिवाय काही दिसत नाही."

ही सूचना नियमाला धरून होती. अभिलेखपालांनी लगेच हरकतीचा छापील नमुना काढून दिला. शिवणबाईने आयुष्यात मापं आणि वाणसामानाच्या याद्या यापलीकडे काही लिहिलं नव्हतं. ती मशिनीपाशी जाऊन बसली आणि बराच वेळ खडू फिरवावा तसं पेन हवेत फिरवून तिने कारणाच्या रकान्यात लिहिलं: मला हवी आहे.

अभिलेखपालांनी वाचलं. "ही मागणी झाली. कारण नव्हे."

तिने कागद परत घेतला आणि खालच्या ओळीवर लिहिलं: मला हवी आहे. मग त्याच्या खाली. मग त्याच्याही खाली. रकाना संपला तेव्हा समासात, समास संपला तेव्हा 'कार्यालयीन उपयोगासाठी' म्हणून मोकळ्या ठेवलेल्या चौकटीत. अशा तेरा ओळी झाल्या. पुढे पुढे अक्षर सुधारत गेलं होतं.

तेहतीस वर्षांत अभिलेखपालांनी हजारो अर्ज फेटाळले होते. सही नाही म्हणून, तिकीट नाही म्हणून, शाई निळी म्हणून. पण अर्जदार तेच तेच लिहीत बसला तर काय करावं, याची तरतूद कुठल्याच नियमात नव्हती. अशा वेळी जे करतात तेच त्यांनी केलं: प्रत्यक्ष पाहणीचा आदेश दिला आणि पाहणीसाठी स्वतःचीच नेमणूक केली.

दोघं खुर्च्या जवळ घेऊन बसली. पडद्यावर पंख्याची घरघर सुरू झाली.

"चालू झालं का गं ते?" आई विचारत होती. "लाल दिवा लागलाय ना? मग मी बोलू? काय बोलू? बरं, हा दोरा इथून घ्यायचा. इथून नाही, इथून. तू लहानपणी इथून घ्यायचीस आणि मग रडायचीस."

आठ मिनिटं दोरा, बॉबिन, पट्टा. नवव्या मिनिटाला आईने मशिनीच्या चाकावर हात ठेवला, चाक उगाच थोडं पुढे, थोडं मागे केलं आणि आवाज उतरवून म्हणाली, "तुला ना, कधीचं एक सांगायचं होतं—"

इतक्यात दार वाजलं आणि एक पुरुषी आवाज आत आला. "अगं, गीझरचं हमीपत्र कुठे ठेवलंस?"

"ऊठ बाई," आई घाईने म्हणाली. "त्यांचं बघ आधी."

"अगं, पण तू काय सांगत होतीस?"

"काही नाही गं. असंच."

पुढची दोन मिनिटं फरशी दिसत होती, आणि लांबून कपाटाचे खण उघडल्या-मिटल्याचे आवाज येत होते. मग व्हिडिओ संपला.

अभिलेखपालांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"काय सांगायचं होतं त्यांना?"

"कुणास ठाऊक."

"नंतर विचारलं नाहीस?"

"विचारलं ना. काही नाही म्हणाली."

अभिलेखपालांनी पेनाचं टोपण काढलं आणि तेराव्या ओळीच्या खाली, उरलेल्या बोटभर जागेत, बारीक अक्षरात शेरा लिहिला: 'फाइल पाहिली. नवव्या मिनिटाला व्यत्यय. व्यत्यय आणणाऱ्याची ओळख पटली आहे. हरकत मान्य. वर्ग अ, कायम. प्रती: चार.' त्याखाली सही केली, तारीख घातली. मग उठले आणि, कागदोपत्री कुठेही न नोंदवता, चहाचं आधण ठेवायला स्वयंपाकघरात गेले. साखर कुठे आहे हे त्यांनी तिला विचारलं नाही. (पंचवीस मिनिटं लागली. चहा बिनसाखरेचाच झाला.)

उरलेल्या साठ फायलींचा फेरजबाब त्याच दुपारी झाला. शिवणबाईने साठही वेळा 'हवी' म्हणून सांगितलं. शेवटची फाइल कसली आहे हे तिला स्वतःलाही ओळखता येईना (काळोखात हललेला एक फोटो, बहुधा पर्सच्या आतला), पण आता तोंडाला वळण लागलं होतं. 'मालकाच्या मते अत्यावश्यक,' अभिलेखपालांनी साठ वेळा लिहिलं. वर्ग ड रिकामा पडला. रिकामा वर्ग व्यवस्थेला शोभत नाही, म्हणून त्यांनी त्यात स्वतःची हमीपत्रं ठेवून दिली.

हे वाचून तुम्ही हसला असाल, तर ते योग्यच आहे. प्रत्येक घराला असा अभिलेखपाल परवडत नाही. तुमच्याकडे ही कामं कशी सुटसुटीत होतात! तुम्ही कुठेतरी रांगेत उभे असता. फोनवर जागा संपल्याची सूचना येते. अंगठा तसाही मोकळाच असतो. जबाब नाही, यादी नाही, सही नाही, समोर बसून तेरा ओळी लिहिणारं कुणी नाही. 'सगळं निवडा' अशी एक फार चांगली सोय तिथे दिलेली आहे, आणि रांग एक माणूस पुढे सरकायच्या आत काम होतं. मागच्या वेळी त्यात काय काय गेलं, ते आता तुम्हालाही सांगता यायचं नाही. जागा मात्र भरपूर झाली, आणि ती लगेच उपयोगातही आली: आज सकाळपासून तिथे सतरा जणांनी पाठवलेला एकच सूर्योदय आहे.