घोडा मरायच्या आधी

नवव्या प्रकरणात राजकन्येचा पांढरा घोडा पहिल्यांदा तबेल्याबाहेर आला आणि टेलरबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. घोडा अगदी ठणठणीत होता. लेखकाने नुसत्या त्याच्या आयाळीवर अर्धं पान खर्ची घातलं होतं.

"काय झालं गं?" पार्सलबाईने वाचता वाचता थांबून विचारलं.

"काही नाही. मुकं जनावर आहे बिचारं."

"मुकं आहे, पण मजेत आहे. आत्ताच तोबराभर दाणा खाल्लाय त्याने."

"हो ना," असं म्हणून टेलरबाईने समोरच्या कोटावर इस्त्री जरा जास्तच जोरात फिरवली. वाफ डोळ्यांत गेली असेल, असं समजून पार्सलबाई पुढे वाचू लागली. माणूस भोळा असला की असंच होतं.

या दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. एक टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर बसायची, दुसरीचं कपडे शिवायचं दुकान होतं. मंगळवारी दुपारी दुकान बंद असायचं आणि खिडकीवरची पाळी दोनला संपायची. तेवढी दुपार दोघींची. शत्रूच्या राज्यातून नकाशा काढायला आलेला एक तरुण आणि राजाची एकुलती एक मुलगी, अशी ती कादंबरी होती. तीस प्रकरणं, सहाशे पानं. दोघींत मिळून प्रत एकच. एक प्रकरण हिने मोठ्याने वाचायचं, एक तिने, आणि पुढच्या मंगळवारपर्यंत पुस्तक शिलाई मशीनच्या खणात. मधल्या काळात कोणीही एक ओळसुद्धा पुढे वाचायची नाही, असं दोघींनी एकमेकींच्या गळ्याला हात लावून ठरवलं होतं.

पुस्तक घरी न्यायचा प्रश्नच नव्हता, कारण पार्सलबाईच्या घरी सासूबाई होत्या. तशा त्या वाईट नव्हत्या. पण बोलणं फक्त दिव्यांबद्दल आणि पंख्यांबद्दल. सोमवारी आणि गुरुवारी त्या गुडघ्याच्या व्यायामाला जायच्या. बाकीचे दिवस गुडघ्याला बाम चोळत बसायच्या आणि कोणत्या खोलीत कोण नसताना दिवा चालू आहे ते सांगायच्या. अगदी सुरुवातीला एकदा त्यांनी विचारलं होतं, "मंगळवारी काय वाचता गं तुम्ही?" त्यावर पार्सलबाई म्हणाली होती, "तुम्हाला नाही आवडायचं, आई. राजेरजवाडे, प्रेमबिम असतं." विषय तिथेच मिटला.

तीन आठवड्यांनी, पंधराव्या प्रकरणात, घोडा मेला.

पार्सलबाई हमसून हमसून रडली. टेलरबाई सुईत दोरा ओवत होती. तो पहिल्याच फटक्यात ओवला गेला.

"तुला काहीच कसं वाटत नाही?"

"वाटतंय की. आतल्या आत वाटतंय."

तेव्हा पार्सलबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हिचं या घोड्यासाठी रडून झालं होतं. तीन आठवड्यांपूर्वी, इस्त्री करता करता. म्हणजे तेव्हाच हिला माहीत होतं.

टेलरबाई चहा टाकायला वरच्या मजल्यावर घरात गेली, तशी पार्सलबाईने पुस्तकाची पुढची पानं चाळली. बाविसाव्या प्रकरणात एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. टेलरबाई जन्मात कधी पान दुमडायची नाही, तिला सुरकुतीचा मनापासून तिटकारा. शिवाय त्या पानाला कसलासा वास येत होता. वास ओळखीचा वाटला, पण इतका ओळखीचा, की कुठला ते काही आठवेना.

हावरटपणाने एकटीने पुढे वाचलं असतं, तर पार्सलबाईने एक वेळ माफ केलं असतं. पण इथे दुसरं कोणीतरी होतं. कोणी तरी परकी बाई या खणातलं पुस्तक हातात घेऊन पानं दुमडत होती, नकाशावाल्यावर उसासे टाकत होती, आणि आपली मैत्रीण तिच्या शेजारी बसून घोड्यासाठी रडली होती. पार्सलबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याच्या खिशात कुणाचं पत्र सापडलं असतं, तरी तिला इतकं लागलं नसतं.

चहा आला. तिने मोजून तीन घोट घेतले आणि साळसूदपणे विचारलं, "दुपारचं कोण कोण येतं गं तुझ्या दुकानात?"

"गिऱ्हाइकं येतात."

"त्या गाण्याच्या बाई येतात का अजून?"

"येतात ना. त्यांच्या ब्लाउजचं फिटिंग आहे."

"अजून तेच ब्लाउज?"

"खांद्यात ओढतंय म्हणतात."

पार्सलबाईला आणखी काही ऐकायची गरज उरली नाही. गाण्याच्या बाई एका ब्लाउजसाठी पाच वेळा येतात, गळा गोड, आणि बोलताना उगाच मान वेळावतात. त्याच त्या.

तिने त्याच दिवशी बंदोबस्त केला. "पानं सुटायला लागली आहेत," असं म्हणून न वाचलेल्या पानांभोवती खाकी कागदाची पट्टी चिकटवली, वरून सुतळी आडवी-उभी बांधली आणि गाठीखाली सही ठोकली. बावीस वर्षं ती हेच करत आली होती.

"छान केलंस," टेलरबाई म्हणाली. चेहऱ्यावर रेष हलली नाही.

पुढच्या मंगळवारी पट्टी जागच्या जागी होती, सही तशीच होती, सुतळी होती. पण गाठ? पार्सलबाईच्या गाठीची दोन्ही टोकं मिशांसारखी बाहेर यायची. ही गाठ लहान होती, टोकं एकसारखी कापून आत लपवलेली. टपालात अशी गाठ कोणी बांधत नाही. अशी गाठ काजं करणारा हातच बांधतो. आणि पट्टी तर इतक्या सफाईने पुन्हा चिकटवली होती, की पार्सलबाईने लावली होती त्यापेक्षा ती बरी दिसत होती. हाच अपमान तिला जास्त झोंबला.

तिने नेहमीसारखी दोन प्रकरणं वाचली, पुन्हा पट्टी लावायच्या निमित्ताने पार्सल कापायची पातळ सुरी काढली आणि टेलरबाई वर गेलेली असताना अख्खं तिसावं प्रकरण मुळापासून कापून पर्समध्ये घातलं. बसा म्हणावं आता शेवटाची वाट बघत.

पण सुडाने पोट भरत नाही. पुढचे दोन दिवस तिचं कामात लक्ष नव्हतं. एका गृहस्थाने पाठवायला दिलेलं पार्सल तिने त्याच्याच घरी पाठवलं. घरी नवरा सकाळी किल्ली शोधायला तिची पर्स उपसायचा, तो गुरुवारी म्हणाला, "तुझं काही बिनसलंय का?" ती म्हणाली, "माणसं ओळखू येत नाहीत हो." तो बिचारा दिवसभर विचार करत राहिला.

त्याच गुरुवारी दुपारी तिने साहेबांकडून अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कारण पटकन सुचलं ते दिलं, "सासूबाईंचा गुडघा फारच दुखतोय. घेऊन जायचंय." साहेब म्हणाले, "जा, जा. सासूचं करणाऱ्या सुना राहिल्यात कुठे." तिने नम्रपणे मान खाली घातली.

जेवायच्या वेळी टेलरबाई दार नुसतं ओढून वर जायची. पार्सलबाई आत शिरली आणि कपडे घालून बघायच्या कोपऱ्यात पडद्याआड उभी राहिली. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता, त्यामुळे पाय दिसले असते. म्हणून ती गिऱ्हाइकाला घेर मापायला उभं करतात त्या स्टुलावर चढली. मागे खुंटीवर अर्धवट शिवलेला कोट होता. त्याच्या टाचण्या हलल्यावर टोचायच्या, म्हणून ती हललीच नाही.

तीनच्या सुमाराला दार वाजलं.

"सांभाळून, पायरी आहे," टेलरबाईचा आवाज. "बसा. उशी देऊ का पाठीला?"

उशी. पार्सलबाईला आजवर साधी खुर्चीसुद्धा पुसून मिळाली नव्हती. सुतळी सुटल्याचा आवाज आला आणि टेलरबाई वाचू लागली. एकोणतिसावं प्रकरण. पार्सलबाई अजून एकोणिसाव्यावर होती. नियमाप्रमाणे तिने कानात बोटं घालायला हवी होती. तिने हात वर नेलेसुद्धा, पण टाचण्या टोचल्या.

आणि मग राजा बोलला. टेलरबाईने राजाचा आवाज काढला, जाड, घोगरा, म्हातारा. राजकन्येचा वेगळा. नावाड्याचा तर असा, की नदीवर उभं असल्यासारखं वाटावं.  मंगळवारी हीच बाई सगळं एका सुरात वाचायची. राजा आणि तबेल्यातला नोकर सारखेच बोलायचे. या दुसरीसाठी मात्र एवढं सगळं.

नकाशावाला होडीत बसला. काठावर राजकन्येच्या हातात जळता नकाशा. होडी नदीच्या मध्यावर आली, तेव्हा नावाड्याने विचारलं, मागे घेऊ की पुढे?

"थांब गं जरा," दुसरा आवाज आला. "तो वल्ह्यावर हात ठेवतो ना, तेवढं परत वाच."

पार्सलबाईने स्टुलावर तोल सावरला. हा आवाज गाण्याच्या बाईंचा नव्हता. याच आवाजाने सकाळीच विचारलं होतं, न्हाणीघरातला दिवा कोणी चालू ठेवला म्हणून. आणि तो वास, तो दुमडलेल्या पानाचा वास, बामाचा होता. जो वास घरभर दिवसरात्र भरलेला असतो, तो ओळखू येणार कसा?

बाहेर पानं चाळल्याचा आवाज झाला. पुन्हा झाला.

"पुढचं प्रकरण नाहीये," टेलरबाई म्हणाली. "कापलंय कोणीतरी."

 मग सासूबाई म्हणाल्या, "याही वेळेला?"

"याही म्हणजे?"

"मी हे पूर्वी वाचलंय. लग्न होऊन आले तेव्हा. शेजारची आणि मी, दोघींत एक प्रत, दुपारी गच्चीवर. एवढंच प्रकरण राहिलं होतं आणि तिच्या नवऱ्याची बदली झाली. पुस्तक तिचं होतं, ती घेऊन गेली. पुढे पत्र नाही, काही नाही." त्या जरा थांबल्या. "पन्नास वर्षं झाली. तो मागे फिरला की नाही, हे मला अजून माहीत नाही. आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून तुझ्याकडे आले."

पडद्यातून एक हात बाहेर आला. हातात वीस पानं होती.

टेलरबाई किंचाळली. सासूबाईंनी फक्त चष्मा वर केला.

"सूनबाई? तू कामावर नाहीस?"

"रजा घेतली," पडदा म्हणाला.

"कशासाठी?"

"तुमच्या गुडघ्यासाठी."

सासूबाईंनी आपल्या गुडघ्याकडे बघितलं. सोमवार-गुरुवारचा व्यायाम त्यांनाही आठवला असावा, कारण त्यांनी घाईघाईने पाठीची उशी सारखी केली.

पार्सलबाई स्टुलावरून उतरली ती भांडायलाच. "मला सांगता आलं नसतं? आणि राजाचा आवाज? माझ्यासाठी कधी काढलास तो?"

"तू हसशील म्हणून नाही काढला," टेलरबाई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "आणि सांगू नको असं यांनीच बजावलं होतं."

"मीच बजावलं," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्याकडे या घराबाहेरची एवढी एकच गोष्ट आहे. त्यातही सासू येऊन बसली, असं तुला वाटायला नको. शिवाय तू म्हणाली होतीस, मला आवडणार नाही."

पार्सलबाई परत स्टुलावर टेकली. तिला वाईट वाटलं, अगदी पोटातून वाटलं. पण खरं सांगायचं तर जळफळाट कमी झाला नव्हता. फक्त आता कोणावर जळायचं ते कळत नव्हतं. निदान नुकसानभरपाई म्हणून ती म्हणाली, "शेवटचं मी वाचते."

"तू राहू दे," सासूबाई मायेने म्हणाल्या. "तू सगळं पत्ता वाचल्यासारखं वाचतेस. तिला वाचू दे."

त्यामुळे तिसावं प्रकरण टेलरबाईने वाचलं, राजाच्या आवाजासकट. सासूबाई उशीला टेकून डोळे मिटून ऐकत होत्या. पार्सलबाई स्टुलावर बसली होती. मधेच केव्हातरी सासूबाईंनी न बघता हात पुढे केला आणि तिने तो धरला. नकाशावाल्याने नावाड्याला काय सांगितलं, ते मी सांगणार नाही. ज्यांचं वाचून व्हायचंय, त्यांच्याशी नियमाने वागलेलं बरं.

संध्याकाळी नवरा धावतपळत घरी आला. साहेबांनी त्याला रस्त्यात गाठून आईच्या गुडघ्याची चौकशी केली होती. येताना त्याने बामाच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. बघतो तर आई आणि बायको जेवणाच्या टेबलाशी, दोघींचे डोळे सुजलेले, आणि दोघी हसत होत्या. चारही खोल्यांतले दिवे चालू होते.

"आई, गुडघा कसा आहे?"

"कुठला?" सासूबाई म्हणाल्या आणि दोघींना पुन्हा हसू फुटलं.

"काय चाललंय काय? मलाही सांगा की."

"तुला नाही आवडायचं," त्याची आई म्हणाली.

तो बाटल्या हातात धरून उभा राहिला. बावीस वर्षं या दोघींच्या मध्ये तोच बोलत आला होता, आणि आज त्याला कोणी बस म्हणत नव्हतं. त्याचा चेहरा पडला. पार्सलबाईला तो चेहरा चांगलाच ओळखीचा होता.

तो खुर्ची ओढून बसला. पोळीचा एक तुकडा मोडला आणि ताटाकडे बघतच म्हणाला, "नका सांगू. पण त्या घोड्याचं काय झालं, एवढं तरी सांगा. शेवटी ती नकाशावाल्याला म्हणते, घोडा असता तर मीच आले असते. तुझ्या पर्समध्ये मला वीसच पानं मिळाली."