आमेन न म्हणणारी रूथमावशी

रूथमावशीकडे जेवायला जायचं तर घरून थोडं खाऊन जावं, हे ठाकुर्लीतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. स्वयंपाकात खोट नाही. तिच्या हातचं मटण खाऊन माझ्या सासऱ्यांनी पथ्य मोडलंय. अडचण आहे ती जेवणाआधीच्या प्रार्थनेची. मावशी ती सुरू करते आणि संपवत नाही. आमेन म्हटलं की डोळे उघडायचे आणि ताटाकडे वळायचं, ही ख्रिस्ती घरातली रीत. मावशी आमेन म्हणतच नाही. पाहुणे डोळे मिटून ताटकळतात, रस्सा गार होतो, आणि शेवटी कोणीतरी खोकून सगळ्यांची सुटका करतं.

"आमेन म्हणजे फोन ठेवणं," ती म्हणते. "त्याचं बोलून व्हायच्या आत मी कशाला ठेवू?"

त्यामुळे तिचा फोन कायम चालू. पालक निवडता निवडता ती मधेच थांबते, मान कलती करते. "थांब हं, काहीतरी म्हणतोय." मग, "नाही, अजून नाही." आणि पुन्हा पालक.

दिवसा याची गंमत वाटते. दिवेलागणीला वाटत नाही. तेव्हा तिचा आवाज भिंतीपलीकडून येत असतो आणि एकदम बंद होतो. ती शांतता इतकी लांबते, की मी टीव्ही बारीक करून कान देतो. आमची मांजर त्याच वेळी तिच्या दारासमोर जाऊन बसते आणि फटीकडे टक लावून बघते. "तू पण सुरू झालास का?" असं बायको मला विचारते. तिने स्वतः संध्याकाळी तिकडे जाणं केव्हाच बंद केलंय.

ही प्रार्थना सुरू झाली डॅनियलपासून. मावशीचा एकुलता एक मुलगा. जहाजावर नोकरीला होता. तो समुद्रात पडला, सापडला नाही, असा एक दिवस फोन आला. चर्चच्या लोकांनी त्याच्यासाठी शेवटची प्रार्थना ठेवायचं म्हटलं, तेव्हा मावशीने साफ नकार दिला. "मी त्याला परत मागितलाय. उत्तर येईपर्यंत धीर धरायचा." त्याला आता कितीतरी वर्षं झाली.

परवा संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब चार माणसं घेऊन आले. शेजारी म्हणून मलाही बोलावलेलं.

"मावशी, आज आमेन म्हणू या," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "डॅनियलला आता जाऊ द्या."

मावशी नेहमीसारखी बोलली आणि थांबली. आम्ही डोळे मिटून बसलो. तेवढ्यात लाइट गेले, पंखा थांबला. जिन्यात पावलं वाजली. सावकाश वर आली आणि मावशीच्या दाराशी थांबली. बेल काही वाजली नाही. मी दाराजवळ बसलो होतो, म्हणून उठून मीच दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. खाली उतरणाऱ्या पावलांचा आवाजही नव्हता. पाळकसाहेब आमेन न म्हणताच चपला शोधायला लागले.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या उचलायला थांबलो. मावशीने मेणबत्ती लावली.

"उत्तर मला कधीच मिळालंय रे," ती म्हणाली. "नाही म्हणाला तो."

"मग आमेन का नाही म्हणत?"

"म्हटलं तर संध्याकाळी बोलू कोणाशी?"

खुर्च्या भिंतीला लावून मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी आपण होऊन तिच्याकडे जाऊन बसलो. ती बोलली, थांबली, मान कलती करून ऐकत राहिली. मीही ऐकत राहिलो. भीती वाटत होती, तरी उठलो नाही. बऱ्याच वेळाने ती माझ्याकडे वळली.

"डॅनियल लहानपणी पाण्याला फार घाबरायचा," ती म्हणाली. "अंघोळीला तांब्या नुसता बघितला तरी रडायचा."

हे ती मला सांगत होती. मी तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने 'हं' म्हटलं, आणि ती पुढचं सांगू लागली.