पावणेदोन मीटरचं कपाट

गणिताच्या सरांनी प्राचार्यांना छाती ठोकून सांगितलं होतं, की कला शाखेच्या मुलांना गणित जमत नाही हे निव्वळ थोतांड आहे. त्यांच्या हातात टेप द्या, करवत द्या, मग बघा! प्राचार्य म्हणाले, बघतोच. ग्रंथालयाच्या वाचनखोलीत नकाशे ठेवायला कपाट हवंच होतं. तपासणी समिती येईल त्या दिवशी मुलांनी केलेलं कपाट तिथे उभं दिसलं, तर 'व्यवहारातलं गणित' हा तास राहील. नाही दिसलं, तर तो व्यक्तिमत्त्व विकासाला जाईल.

हा तास सरांनी भांडून भांडून मिळवला होता. बाकीच्या वर्गांत मुलं त्यांना पाहून दचकत, इथे हसत. तो गेला असता, तर सरांना कॉलेजात यायचाच कंटाळा आला असता.

"मी फक्त माप सांगणार," त्यांनी वर्गाला बजावलं. "कापणं, ठोकणं, चुकणं तुमचं. उंची पावणेदोन मीटर, खोली अर्धा मीटर. लागा कामाला."

आणि तत्त्वाला जागून ते शिक्षकांच्या खोलीत चहा पीत बसले.

फळ्यापाशी मौनी होती. वर्गात ती कधी तोंड उघडत नसे, म्हणून हे नाव. तिने लिहिलं, २.७५. बाकीच्यांनी माना डोलावल्या. फळ्यावरच्या आकड्याशी वाद घालायचा नसतो, एवढं गणित त्यांना शाळेपासून येत होतं.

समितीच्या दिवशी सर वाचनखोलीत आले, तर कपाट या भिंतीपासून जवळजवळ त्या भिंतीपर्यंत आडवं पडलेलं.

"हे काय आहे?"

"पावणेदोन, सर," मौनी पुटपुटली. "दोन आणि वर पाऊण."

"अगं, पावणे म्हणजे पाव कमी! दोनला पाव कमी. घड्याळात पावणेदोन वाजत नाहीत का कधी?"

"मोबाइलमध्ये एक पंचेचाळीस वाजतात, सर," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग विचारायचं नाही?"

मौनी जमिनीकडे बघत राहिली. "विचारलं की हसतात, सर. एवढंही येत नाही का म्हणतात."

सरांना ते लागलं. क्षेत्रफळ, टक्केवारी, सगळं त्यांनी मुलांच्या हातात ठेवलं होतं, पण बोलत होते ते आपल्या लहानपणच्या भाषेत. मुलं कळल्यासारखी मान हलवत होती आणि सर त्यालाच प्रगती समजत होते. आता रागवायचं तरी कुणावर?

कापत बसायला वेळ नव्हता. समितीची गाडी फाटकातून आत आली होती. छत कपाटापेक्षा जेमतेम दोन बोटं उंच होतं. मावेल की! "उचला," सर म्हणाले आणि स्वतः खांदा दिला. कपाट तिरकं होत वर गेलं आणि उभं राहणार तोच वरचा कोपरा छतात रुतला. पुढे जाईना, मागे येईना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झाली. आणि दारात प्राचार्य आणि समितीच्या अध्यक्षबाई.

"काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

सरांच्या छातीवर कपाट होतं, त्यांना बोलता येईना. बोलली मौनी.

"मॅडम, हे उभं मावतं. पण उभं करताना या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंतचं अंतरही मावायला लागतं. ते उंचीपेक्षा जास्त भरतं. तिथे अडलंय."

"हे कधी शिकलीस?"

"आत्ताच. याच्याखाली."

अध्यक्षबाईंनी कपाटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कॉलेजातल्या वर्गात असं काही ऐकून फार दिवस झाले, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग प्राचार्यांकडे वळून म्हणाल्या, "हे एका तासात उरकणारं काम नाही. यांना आठवड्याला पावणेदोन तास द्या. आणि आधी ते कपाट खाली घ्यायला माणसं बोलवा."

पुढच्या आठवड्यात ऑफिसातली नवीन कारकून मुलगी सरांना जिन्यात भेटली. "सर, तुमचे पावणेदोन तास लावलेत हं. शुक्रवारी बारा ते दोन पंचेचाळीस."

सरांनी मनातल्या मनात हिशेब केला. एक तास जास्त भरत होता. चूक दाखवायला त्यांनी तोंड उघडलं.

"अगदी बरोबर आहे," ते म्हणाले आणि ती पुन्हा मोजायच्या आत जिना उतरून गेले.