अर्ध्या संसाराचे गोमाजी

गोमाजींच्या घरात एकही वस्तू पुरी नव्हती. पाटा होता, वरवंटा नव्हता. उखळ होतं, मुसळ समोरच्या कासारांकडे. विहिरीचा दोर त्यांच्या खुंटीला, बादली मात्र शेजारच्या चाचींची. गरिबीमुळे म्हणावं तर तसंही नाही. कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले फिटर, खाऊनपिऊन सुखी. ते मुद्दामच अर्धी वस्तू घेत.

"पुरं कायले पाह्यजे जी?" ते विचारत. "अर्धं आपल्या घरी, अर्धं शेजाऱ्याच्या घरी. मंग शेजारी कुठी जाते?"

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या सुमारास माझी वणीच्या शाळेत बदली झाली. खोली दाखवताना घरमालक म्हणाला, "मास्तर, कोपऱ्यातला वरवंटा कोणाले देऊ नका. तो गोमाजीच्या पाट्याचा हाय." भाड्याच्या खोलीसोबत कुणाला खाट मिळते, कुणाला ढेकूण मिळतात. वरवंटा मिळालेला मी एकटाच असेन.

माझी बायको सुमन पहिल्यांदा त्यांच्याकडे वाटण वाटायला निघाली ती पदर खोचून, हातात वरवंटा घेऊन. समोरचे कासार मला हळूच म्हणाले, "मास्तर, काई झालं काय जी? मांगच्या दारानं निंघून जा."

मला या प्रकाराचा संताप यायचा. संध्याकाळी मी वह्या तपासायला बसलो की दारात खाकरणं ऐकू येई. गोमाजी वरवंट्याला आले! नुसता वरवंटा नेतील तर शपथ. "भाजी काय केली?" "गावाकडून चिठ्ठी आली का?" "काहून सुकले मास्तर?" यात अर्धा तास. मग तो परत करायला येत, तेव्हा आणखी अर्धा. सोबत वाटीभर ठेचा, आणि तो असा की भाकर कमी पडावी.

एकदा वरवंटा उचलताच ते थबकले. "मास्तर, दोन रोजपासून हा मी ठेवतो तसाच सापडते. बाई बिमार हाय काय?"

सुमन तापानं फणफणली होती आणि मी चहावर दिवस ढकलत होतो. पुढचे आठ दिवस कासारांकडून भात आला, कुणाकडून काढा आला, चाची तर तिच्या उशाशीच बसून राहिल्या. सुमन उठली ती त्या गल्लीच्या जिवावर. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं, पण त्यातून शिकलो काही नाही. दुसऱ्याला शिकवणाऱ्यांचं असंच होतं.

पुढे पगार वाढला, तशी अक्कल कमी झाली. एका बाजाराच्या दिवशी मी पाथरवटाकडून नवाकोरा पाटा-वरवंटा आणला आणि मोठ्या दिलदारपणानं जुना वरवंटा गोमाजींच्या घरी पोचवला.

"घ्या गोमाजी, तुमची जोडी पुरी झाली. रोजचा हेलपाटा वाचला."

त्यांनी तो पंच्यानं पुसला, पाट्यावर ठेवला. "बेस झालं," म्हणाले.

दोन संध्याकाळी शांत गेल्या. वह्या भराभर संपल्या. तिसऱ्या दिवशी ते आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. वरवंटा पंच्यात गुंडाळलेला होता.

"मास्तर, हा तुमच्याच घरी राहू द्या. माह्या घरी जागा नाही."

जागा नाही! बायको वारल्यापासून दोन खोल्यांत एकटा जीव. मूलबाळ नाही. मी हसलो. हसायला नको होतं.

"अहो, आमच्याकडे नवा आहे. दोन-दोन वरवंटे काय करायचे? आणि यायला वरवंटाच कशाला लागतो? असेच येत जा की."

"असंच?" ते माझ्याकडे बघत राहिले. "कामाबिगर कोणाच्या घरी जायाचं मले नाही जमत जी. माही म्हातारी जाये. मी तिच्या मांगं मांगं."

एवढं बोलून ते वरवंट्यासकट वळले. सुमन आतून धावत आली, पण तोवर ते गल्लीत उतरले होते. ती मला नाही नाही ते बोलली. "उद्या जाऊन वरवंटा मागून आणा," म्हणाली. जाईन म्हणालो. दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या वह्या होत्या.

त्यानंतर आम्ही पाच वर्षं त्या गल्लीत राहिलो. गोमाजी रस्त्यात भेटत, हात जोडत, पुढे जात. मी त्यांना दर वेळी "या की घरी" म्हणायचो. त्यांच्या दारात मात्र मी स्वतः एकदाही गेलो नाही. काही कामच पडलं नाही.