बारावा अध्याय ऑप्शनला

माणूस किती शिकला हे शंभरापैकी सांगता येते, ही विद्यापीठांनी मानवजातीवर केलेली फार मोठी कृपा आहे. पूर्वी ही सोय नव्हती. समोरचा शहाणा आहे की नाही हे कळायला त्याच्याशी बोलावे लागे, क्वचित त्याच्याबरोबर दोन दिवस काढावेही लागत. आता कागद बघितला की झाले. त्यातही पस्तीस हा आकडा कोणत्या महापुरुषाला सुचला ते कळत नाही. कळले तर आमचे भजनी मंडळ त्याची पुण्यतिथी करायला तयार आहे. (प्रसाद पस्तीस टक्के लोकांना मिळेल.)

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात ही कृपा एकाहत्तर सालच्या श्रावणात पोचली. ती श्रीमंतने आणली. श्रीमंत हा गहिनीनाथ थोपट्यांचा एकुलता मुलगा, नगरच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी. ए. झालेला. गुण अडतीस टक्के. गावात त्याआधी बी. ए. कोणी नव्हते, त्यामुळे टक्के विचारायचे असतात हेच कोणाला ठाऊक नव्हते. गहिनीनाथ तर तीस वर्षे मारुतीच्या देवळात पहिल्या रांगेत, खांबाला टेकून कीर्तन ऐकणारा माणूस. पोराला चार वर्षे शहरात ठेवले ते कशासाठी, असे कोणी विचारले की ते म्हणत, "श्रावणातल्या पोथीचा अर्थ सांगंल तो. मग बगा."

योग असा की राधाकृष्णबुवांचे, म्हणजे आमच्या अर्थ सांगणाऱ्यांचे, सगळे दात त्याच उन्हाळ्यात काढले गेले आणि त्यांचा अर्थ नुसताच वाऱ्यासारखा बाहेर पडू लागला. दुसरा योग असा की आमची पोथी श्रीमंतला बी. ए.ला नेमलेली होती. मंडळाने ठराव केला, श्रीमंतच्या खांद्यावर बुवांचे उपरणे घातले. आमच्याकडे एकदा उपरणे पडले की महिना संपेपर्यंत अर्थ त्यानेच सांगायचा. बन्सीने ओव्या वाचायच्या, श्रीमंतने अर्थ सांगायचा, आणि अर्थ सांगितल्याशिवाय अध्याय पुढे सरकत नाही.

पहिले दिवस उत्तम गेले. श्रोते एकशे चौदा, डुलक्या घेणारे तेवीस. (बुवांच्या काळी एक्केचाळीस. शिक्षणाने फरक पडतोच.) श्रीमंत 'प्रस्तुत ओवीत' म्हणून सुरुवात करी आणि 'अशा प्रकारे' म्हणून थांबे. मधले कळले नाही तरी सुरुवात आणि शेवट पक्का असल्याने ऐकणाऱ्याला सुरक्षित वाटे.

अकरावा अध्याय संपला तो मोठ्या अवघड जागी. हिरण्यकश्यपूने प्रल्हादाला विचारले, "या खांबात आहे का तुझा देव?" आणि गदा उगारली. दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार. देऊळ गच्च भरलेले. बन्सीने बाराव्याचे पान उलटले, तेव्हा श्रीमंत शांतपणे म्हणाला,

"बारावा मी ऑप्शनला टाकलाय. तेरावा घे."

"कुठं टाकलाय?" बन्सीने पोथीखालचा पाट उचलून बघितला.

श्रीमंतने समजावून सांगितले. परीक्षेत पाच प्रश्न येतात, त्यांतले कोणतेही तीन सोडवायचे. म्हणून सगळे पुस्तक वाचायचे नसते. सगळे वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

गोजरबाई बायकांतून उठून उभी राहिली. "आरं, पर गदा उगारलीया त्येनं! त्या लेकराचं काय?"

"तेराव्यात डायरेक्ट राज्याभिषेक हाय, मावशी."

"द्येव खांबातनं भाईर आलाच न्हाई, तर राज्याभिषेक कुनी केला?"

"ते दीर्घोत्तरी आहे," श्रीमंत म्हणाला.

आता आमच्याकडे एक रीत आहे. भक्त संकटात असताना पोथी झाकत नाहीत. पोथी झाकली नाही की आरती नाही, आरती नाही की सोमवार सोडायचा नाही. गोजरबाईसह अकरा जणींनी जाहीर केले की देव खांबातून बाहेर येईपर्यंत तोंडात घास घालणार नाही. शिऱ्याचे पातेले झाकून ठेवले. पोथी उघडी राहिली, समई तेवत राहिली, आणि गदा आपली वरच्या वर.

गहिनीनाथांनी त्या दिवशी प्रथमच गुणपत्रक नीट बघितले.

"अडतीस," ते म्हणाले. "शंबरातले अडतीसच दिलं व्हय रं? आन् मी समदं पोचलं म्हनून पेढं वाटलं!"

मंगळवारी पहिल्या एस.टी.ने ते नगरला निघाले. सोबत अर्ज होता. तो आम्हीच लिहून दिला. त्यात तीन मागण्या होत्या. पहिली अशी की, शंभरापैकी अडतीस इतके शिक्षण मिळाले, सबब उरलेले बासष्ट आजच्या आज, शक्यतो बाराव्या अध्यायापासून, देण्यात यावे. दुसरी अशी की, ते एस.टी.ने नेण्यासारखे नसल्यास ज्या सरांकडे असेल त्या सरांनाच दोन दिवस गावी पाठवावे. उतरण्याची सोय देवळात होईल. (डास आहेत, पण भाविक आहेत.)

कॉलेजात हेडक्लार्क होते शलमोनसाहेब. रविवारी चर्चमधल्या कीर्तनाला पेटी वाजवणारा माणूस. त्यामुळे भक्त अडकला आहे म्हणताच त्यांनी चष्मा लावला आणि अर्ज शेवटपर्यंत वाचला. सरकारी-निमसरकारी इतिहासात ही गोष्ट क्वचितच घडली असेल.

"गहिनीनाथराव," ते म्हणाले, "आमच्याकडं शंभरच असतं. पोरं नेताना अडतीस नेतात. बाकीचं वर्गातच पडून राहतं. संध्याकाळी शिपाई झाडून काढतो."

"मग झाडलेलं द्या. आमी निवडून घिऊ."

शलमोनसाहेबांनी बराच विचार केला, पण तशी तरतूद नव्हती.

"बरं, सरांना तरी धाडा."

"धाडलं असतं हो. पण बारावा अध्याय सरांनीही ऑप्शनलाच टाकलेला. म्हणून तो आला की ते हजेरी घेतात."

"आन् सरांचं सर?"

"ते रिटायर झाले. तुम्ही असं करा, फॉर्म भरा. ऑक्टोबरला पोराला पुन्हा बसवा."

"ऑक्टूबरपत्तुर गदा थांबंल का, सायेब?"

शलमोनसाहेबांनी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी पुढे केली. गहिनीनाथांनी हात जोडले. त्यांनीही सोमवार सोडलेला नव्हता.

संध्याकाळी ते रिकाम्या हाताने देवळात आले. गोजरबाईला भिंतीला टेकवून बसवले होते. श्रीमंत पोथीसमोर खाली मान घालून बसलेला. पोरगा वाईट नव्हता, त्यानेही दोन दिवस पाण्यावर काढले होते. गहिनीनाथांनी हकिकत सांगितली.

तेव्हा श्रीमंतची आई, राहीबाई, उठली. शाळेची पायरी न चढलेली बाई. वाती वळता वळता चाळीस श्रावण तिने ऐकले होते. ती पोराच्या पाठीमागे जाऊन बसली.

"मी हळू सांगते, तू मोट्यानं बोल."

श्रीमंतचा चेहरा उजळला. ही पद्धत त्याच्या चांगल्या परिचयाची होती.

"गदा खांबावर पडली."

"गदा खांबावर पडली!"

"कडाडकन आवाज झाला. जरा दमानं घे."

"कडाडकन आवाज झाला! जरा दमानं घे!" श्रीमंत गरजला.

"आन् उपरणं सावर, समईत चाललंय."

"आन् उपरणं सावर, समईत चाललंय!"

देव खांबातून निघाले ते उपरणे सावरून निघाले, हा अर्थ आम्ही पूर्वी ऐकला नव्हता. पण भक्तासाठी धावणाऱ्याचे उपरणे सुटणारच, हे ध्यानी आले आणि आमचे डोळे भरून आले. राधाकृष्णबुवांनी बिनदाताच्या तोंडाने 'वा' म्हटले. विद्यापीठात या प्रकाराला कॉपी म्हणतात. आपल्याकडे याला परंपरा म्हणतात.

आरती झाली. गोजरबाईने शिऱ्याचे तीन द्रोण घेतले. गहिनीनाथ तर हरखून गेले होते. "अडतीस कॉलेजचं, बासष्ट घरचं! शंबर भरलं की गं!"

"भरलं," राहीबाई म्हणाली. "पर तुमी तीस वरसं म्होरं बसता. तुमाला का न्हाई आलं सांगता?"

गहिनीनाथ खरे बोलणारे. "खांब फुटायच्या टायमाला मी दरसाल शिरा कितपत झालाय ते बगाया जातो."

यावर सगळे देऊळ खूप हसले. आपणही हसला असाल. वर आम्ही लिहिले आहे की अर्जात मागण्या तीन होत्या. सांगितल्या दोनच. तिसरी आम्ही ऑप्शनला टाकली, आणि आपण न विचारता थेट शिऱ्यापर्यंत आलात.

हरकत नाही. आपण पास आहात.